हिब्रूतला पैसा: काउंटरवर तोंड उघडायचं तर कोणते शब्द हवेत?

मोगरा_रेहोवोत:

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या संशोधनासाठी आम्ही इस्रायलमध्ये रेहोवोतला येऊन चार महिने झाले. आठवड्यातून दोनदा उल्पानला, म्हणजे इथल्या हिब्रूच्या वर्गाला, जाते. अक्षरं लागली, 'मी नागपूरची', 'मला दोन मुलं आहेत' इथवर मजल गेली. पण पैशाची गोष्ट निघाली की माझं हिब्रू तिथेच थांबतं.

परवा एका सुपरमार्केटात महिन्याचं सामान भरलं, चारशेच्या वर शेकेल झाले. काउंटरवरच्या मुलीने भरभर काही विचारलं. त्यातला 'कामा' एवढाच शब्द ओळखीचा, कामा म्हणजे किती. मला वाटलं, पिशव्या किती हव्यात असं विचारते आहे. 'शालोश', म्हणजे तीन, असं सांगून मोकळी झाले. घरी येऊन पावती अक्षर अक्षर लावून बघितली तर पिशवी एकही धरलेली नाही आणि सगळी रक्कम तीन महिन्यांच्या हप्त्यांत! व्याज लागलं नाही, पण आपण कशाला हो म्हणालो हेच आपल्याला कळू नये याचं फार वाईट वाटलं. नागपूरला पंधरा वर्षं घराचा हिशोब मी एकटीने सांभाळला आहे.

तर विचारायचं ते हे: पैशाचे शब्द कुठून सुरू करावेत? यादी पाठ करते, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मराठीतून काही दुवा लागतो का?

खारा_वारा:

शालोम मोगराताई. मी अश्दोदचा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजी-आजोबा रेवदंड्याहून इकडे आले, माझा जन्म इथला. आजीमुळे घरात मराठी राहिली. लिहायला मोठेपणी शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्हाला विचारलं ते 'कामा ताश्लुमिम?' ताश्लुम म्हणजे एकदा भरायची रक्कम, ताश्लुमिम अनेक. इथे कार्डावर किराणासुद्धा हप्त्यांनी घेतात, म्हणून हा प्रश्न सगळ्यांनाच येतो. उत्तर द्यायचं 'ताश्लुम एखाद', म्हणजे एकरकमी. किंवा नुसतं 'रागील', नेहमीसारखं.

काउंटरवरचं बोलणं रोज जवळपास त्याच क्रमाने होतं. आधी 'खावेरात मोआदोन?', दुकानाच्या क्लबच्या सभासद आहात का. मग 'त्स्रिखा साकीत?', पिशवी हवी का. २०१७ पासून मोठ्या दुकानांत पिशवीला १० अगोरोत, म्हणजे शेकेलचा दहावा भाग, पडतात म्हणून विचारतात. मग 'मेझुमान ओ अश्राई?', रोख की क्रेडिट कार्ड. कार्ड म्हटलंत की ताश्लुमिम. शेवटी कधी कधी 'काबाला?', पावती हवी का. तुम्हाला एवढा क्रम माहीत असला की शब्द नीट ऐकू नाही आला तरी कितवा प्रश्न चालू आहे त्यावरून अंदाज येतो. यादी बाजूला ठेवा, हा क्रम धरा.

शेवंती:

छान धागा. मुलगा तेल अवीवला शिकायला जाणार आहे, त्याला दाखवते. वाचते आहे.

धातुपाठ:

मोगराताई, मराठीतून दुवा विचारलात म्हणून लिहितो. हिब्रूत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. त्याला 'शोरेश' म्हणतात, संस्कृतातल्या धातूसारखं समजा. एक शोरेश कळला की पाच-सहा शब्द एकदम हाती लागतात.

पहिलाच शब्द घ्या, केसेफ. केसेफ म्हणजे पैसा आणि केसेफ म्हणजे चांदीसुद्धा. आपला रुपया 'रूप्य'वरून आला, तोही चांदीचाच. म्हणजे 'केसेफ' हा शब्द कानावर पडला की रुपयाच आठवावा. फरक एवढाच की आपण 'पैसे' अनेकवचनात बोलतो आणि केसेफ एकवचनी राहतो.

दुसरा, खेश्बोन. याच्या मुळाशी ख-श-ब, विचार करणे, मोजणे. अरबीत त्याचं सख्खं भावंड ह-स-ब, त्यावरून हिसाब, तो फारसीतून मराठीत येऊन झाला हिशोब. तुम्ही नागपूरला पंधरा वर्षं सांभाळलात तो हाच शब्द! हॉटेलात बिल मागायचं तर 'खेश्बोन, बेवाकाशा'. बँकेतलं खातं तेही खेश्बोन, शाळेतलं अंकगणित तेही खेश्बोन, आणि व्यापाऱ्याचं बिल म्हणजे खेश्बोनीत.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. श-ल-म. शालेम म्हणजे पूर्ण, अखंड. लेशालेम म्हणजे पैसे देणे, जणू अपुरं राहिलेलं पुरं करणे. ताश्लुम त्यातूनच. पैसे भरलेल्या बिलावर 'शुलाम' असा शिक्का असतो, आपल्याकडच्या 'चुकते'सारखा. आणि शालोम, म्हणजे शांती, तोही याच घरातला. उधारी फिटल्यावर माणसाला वाटतं ते एका शब्दात सांगायचं तर दुसरं काय म्हणणार?

शेकेलच्या मुळाशी तोलणे आहे. मिश्काल म्हणजे वजन. नाणी पाडण्याआधी चांदी तोलूनच देत. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम माखपेलाची गुहा विकत घेतो तेव्हा एफ्रोनला ४०० शेकेल चांदी देतो, आणि तिथे क्रियापद 'वाय्यिश्कोल' आहे: त्याने तोलली.

मेझुमान म्हणजे मुळात 'तयार, हाताशी असलेलं'. हझमाना म्हणजे आमंत्रण, तो याच मुळाचा. रोख पैसा म्हणजे हजर असलेला पैसा.

जास्वंद१२:

काबाला म्हणजे पावती? मग ती गूढविद्या कब्बाला म्हणतात ती?

धातुपाठ:

@जास्वंद१२, शब्द एकच. लेकाबेल म्हणजे घेणे, मिळणे. गुरूकडून मिळालेली विद्या तीही काबाला, आणि पैसे मिळाल्याची खूण तीही काबाला. मराठीत 'पावणे' आणि 'पावती' बघा ना, हीच जोडी. देव पावतो आणि पैसे पावल्याची पावतीही मिळते.

जास्वंद१२:

वा! ही पावतीची जोडी मी जन्मात विसरणार नाही.

कुंदा_हैफा:

धातुपाठ दादा, वाचायला गोड वाटतं, पण मी थोडं वेगळं सांगते. मी सिंधुदुर्गातली, सहा वर्षं हैफात एका आजींची देखभाल करते. महिनाअखेरीला हातात पगाराचा कागद पडतो तेव्हा कुठला शब्द कुठल्या मुळाचा याने काही होत नाही. त्या कागदावरचे शब्द ओळखता आले पाहिजेत, तेही दिसल्या दिसल्या.

त्या कागदाला म्हणतात 'त्लूश'. पगार म्हणजे मास्कोरेत. 'ब्रूतो' आणि 'नेतो' (ग्रॉस आणि नेट) हे तर कळतातच. खरा शब्द आहे 'निकुयीम', कपाती. निकुयांचे दोन ठिकाणी दोन आकडे असतात: 'निकुये खोवा' म्हणजे सक्तीच्या, कर आणि विमा वगैरे, आणि 'निकुये रेशूत' म्हणजे बाकीच्या. हे मी का सांगते, तर पहिल्या वर्षी माझ्या पगारातून दर महिन्याला काही रक्कम दुसऱ्या खान्यात कापली जायची. मला वाटायचं सरकारी कर असेल. आठ महिने मी गप्प राहिले, कारण मला वाचताच येत नव्हतं. शेवटी आजींच्या सुनेने कागद हातात घेतला आणि विचारलं, हे कशाचे? ती कपात नको होती. पुढे बंद झाली, थोडे परतही मिळाले. पण ते आठ महिने मला अजून आठवतात. घरी गॅस भरायला पैसे पाठवताना आई म्हणायची, पोरी, या महिन्याला कमी का?

म्हणून इथे नव्याने कामाला येणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच लिहून देते: निकुयीम. दमे हावराआ (वर्षातून एकदा मिळणारे विश्रांतीचे पैसे). पित्सुयीम (नोकरी संपताना मिळणारी भरपाई). शाओत नोसाफोत (जादा तास). दमे कीस (आठवड्याचा हातखर्च, पगारातूनच आगाऊ). आणि तळाशी 'नेतो लेताश्लुम', हातात येणारे. अडलंच तर तेल अवीवमध्ये काव लाओवेद नावाची संस्था आहे, कामगारांना मदत करते.

मोगराताईंना त्लूश नसेल, पण नवऱ्याचा असेल. तो घेऊन बसा. दर महिन्याला तेच शब्द परत येतात, पाठ करावे लागत नाहीत.

धातुपाठ:

कुंदाताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. 'मेआ अखूझ' म्हणतात तसं. त्लूश समोर ठेवून शिकणं हेच बरोबर, मुळं नंतर.

मोगरा_रेहोवोत:

कुंदाताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आज रात्री त्लूश काढून बसते.

नव्या_वाटा:

एवढं कशाला? मोबाइल पुढे धरा, भाषांतर होतं. निम्म्या लोकांना इंग्रजी येतं. पैसे तर बीटवर जातात.

खारा_वारा:

@नव्या_वाटा, बीटवर जातात हे खरं. बँक हापोआलिमचं हे ॲप २०१७ मध्ये आलं आणि आता तो शब्दच झाला आहे. बाईला म्हणायचं तर 'ताआसी ली बीट', पुरुषाला 'ताआसे ली बीट', मला बीट कर. आपण म्हणतो ना, जीपे कर, तसंच.

पण बसमध्ये बघा. ड्रायव्हर आता रोख घेत नाही, राव-काव कार्ड चालतं. त्यात पैसे भरायला 'लेहात्ईन', फोन चार्ज करायलाही तेच क्रियापद. माणूस घाईत असतो, मागे रांग असते, तिथे मोबाइल पुढे करून चालत नाही. आणि म्हातारी माणसं? आमच्या बिल्डिंगच्या 'वाद बायीत'चे पैसे (सोसायटीचा मेंटेनन्स) गोळा करणारे काका रोख किंवा चेक घेतात आणि तोंडी हिशोब सांगतात. त्यांच्याशी मोबाइलवरून बोलायचं म्हणजे त्यांचा अपमान.

गणिताचे_सर:

एक गोष्ट कुणी सांगितली नाही, ती म्हणजे आकडे. शब्द येऊनही आकड्यांनी माणूस अडतो.

हिब्रूत संख्येलाही लिंग आहे. शेकेल पुल्लिंगी, अगोरा स्त्रीलिंगी. १०० अगोरोत म्हणजे एक शेकेल. आता दहा अगोरोत म्हणजे 'एसेर अगोरोत' आणि दहा शेकेल म्हणजे 'असारा श्कालीम'. शेवटी 'आ' लागला की आपल्याला स्त्रीलिंगी वाटतं, इथे तो पुल्लिंगी नामाबरोबर येतो. नवशिक्याचा इथेच घोळ होतो. मराठी माणसाला मात्र ही कल्पना नवी नाही: दोघे, दोघी, तिघे, तिघी आपण माणसांसाठी म्हणतोच. त्यांच्याकडे वस्तूंसाठीही आहे एवढंच.

शिवाय २०० म्हणजे 'माताइम' आणि २००० म्हणजे 'अल्पाइम'. जोडीचं वेगळं रूप. संस्कृतात द्विवचन होतं, मराठीत गेलं, इथे ते आकड्यांत जिवंत आहे.

खारा_वारा:

सर, व्याकरण बरोबर आहे, पण भाजीबाजारात कुणी 'असारा श्कालीम' म्हणत नाही. सगळे 'एसेर शेकेल' म्हणतात. खामेश (पाच) शेकेल, एसेर (दहा) शेकेल, एस्रीम (वीस) शेकेल. मोगराताईंनी ऐकायला तेच तयार व्हावं.

गणिताचे_सर:

ऐकायला तयार व्हावं, मान्य. बोलताना बरोबर बोलावं. बाहेरून आलेल्या माणसाने भाषा नीट शिकावी असं माझं मत आहे. ती त्या भाषेला दिलेली इज्जत आहे.

कुंदा_हैफा:

सर, आमच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, जुन्या शिक्षिका. त्या मला दर वेळी दुरुस्त करतात, 'असारा श्कालीम, कुंदा!' आणि स्वतः भाजीवाल्याशी 'एसेर शेकेल' म्हणतात. मी दोन्ही शिकले.

मधुकर_काका:

बँकेत ३४ वर्षं काढली म्हणून या धाग्यावर थांबलो. मुलगी आणि जावई बेरशेव्याला असतात, दोनदा राहून आलो. मला तिथले बँकेचे शब्द फार मोहवतात.

चालू खात्याला ते म्हणतात 'ओवेर वाशाव', म्हणजे जाणारा आणि परतणारा. थोडक्यात 'ओश'. पैसा येतो, जातो, दाराशी उभा राहत नाही. ओव्हरड्राफ्टला साधं 'मीनूस'. जावयाचे मित्र बिनदिक्कत सांगतात, मी मीनूसमध्ये आहे. माझ्या पिढीला ऐकवत नाही, पण तिथे ते रोजचं आहे. ठरलेल्या तारखेला आपोआप पैसे जायला 'होराआत केवा', व्याज म्हणजे 'रिबीत', गृहकर्ज म्हणजे 'माश्कांता', पैसे काढणे म्हणजे 'लिम्शोख', अक्षरशः ओढणे. एटीएम यंत्राला 'कास्पोमात', केसेफचाच नातू.

आता मराठीचा दुवा. सुट्टे मागायला आपण म्हणतो, नोट मोडून द्या. मोड आहे का? तिथे 'लिफ्रोत'. 'एफ्शार लिफ्रोत ली मेआ?', शंभराचे सुट्टे मिळतील का? गंमत म्हणजे गिटारच्या तारा छेडणे तेही लिफ्रोत. आणि परत मिळतात ते सुट्टे 'ओदेफ', म्हणजे उरलेलं.

मुंबईकरांसाठी अजून एक: 'दमे माफ्तेआख', किल्लीचे पैसे. जुन्या घरांची पागडी! जावयाने समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अरे, ही तर आमच्या गिरगावची गोष्ट.

शेवंती:

काका, 'मोड'वरून माझ्या सासूबाईंची आठवण झाली. आता कुणी मोड म्हणत नाही, सगळे छुट्टा म्हणतात.

बीकेसी_वाला:

मी हिरेबाजारात कामाला आहे, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये. हिब्रूचा एक शब्द आम्ही रोज वापरतो: मझाल. पूर्ण म्हणायचं तर 'मझाल उव्राखा', नशीब आणि आशीर्वाद. भाव ठरला, हात मिळवला, मझाल म्हटलं, की सौदा पक्का. त्यानंतर कागद नसला तरी मागे फिरायचं नाही. रामात गानच्या हिरेबाजारात, अँटवर्पला, इथे, सगळीकडे तोच शब्द. माझ्या सेठचे वडीलही मझाल म्हणायचे. शब्द हिब्रू आहे हे मला नोकरी लागून चार वर्षांनी कळलं, तोवर मी तो गुजराती समजत होतो.

धातुपाठ:

@बीकेसी_वाला, ही माहिती सोन्यासारखी आहे. आपल्याकडचा 'जबान दिली' तो हाच.

कुलाबकर:

अवांतर: मुंबईच्या मशीद स्टेशनचं नाव सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेलं शार हाराहामीम तिथेच आहे.

खारा_वारा:

हो, माझी आजीसुद्धा 'मशिदीत जाते' असंच म्हणायची. इथे शेजाऱ्यांना भलतंच वाटायचं.

आजीचा विषय निघालाच तर पैशाची गोष्टही सांगतो. ती आली तेव्हा इथे लिरा हे चलन होतं. १९८० मध्ये १० लिऱ्यांचा एक शेकेल झाला. मग महागाई अशी भडकली की दुकानात सकाळचा भाव संध्याकाळी नसायचा. १ जानेवारी १९८६ पासून १००० जुन्या शेकेलचा एक नवा शेकेल, 'शेकेल खादाश'. बिलांवर अजून तो 'खादाश' लिहितात. म्हणजे सहा वर्षांत दोनदा शून्यं उडाली. आजीने शेवटपर्यंत मनातल्या मनात तीन चलनं वागवली. फ्लॅटची किंमत लिऱ्यांत सांगायची, भाजी शेकेलमध्ये, आणि सोनं रुपयांत, तोळ्यावर. दुकानदाराला म्हणायची 'तिर्शोम ली', माझ्या नावावर लिही. उधारीवर घेण्याला 'बेहाकाफा' म्हणतात. रेवदंड्याच्या वाण्याकडेही तेच चालायचं, म्हणून हा शब्द ती पहिल्या आठवड्यात शिकली असं सांगायची.

मधुकर_काका:

वा. नोटांचंही लिहितो. हल्लीच्या चारही नोटांवर कवी आहेत. वीसवर राखेल, पन्नासवर चेर्निखोव्स्की, शंभरवर लेआ गोल्डबर्ग, दोनशेवर अल्तेरमान. पाकिटात कविता घेऊन फिरणारा देश.

मोगरा_रेहोवोत:

तीन आठवड्यांनी येते आहे, आधी सगळ्यांचे आभार.

कुंदाताई, त्लूश लावला. निकुयांतली एक ओळ नवऱ्यालाही ठाऊक नव्हती, त्याने कार्यालयात विचारलं. पेन्शनची निघाली, बरोबरच होती, पण आता माहीत आहे.

शुक्रवारी दुपारी बाजारात गेले, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या सुट्टीच्या, आधी भाव उतरतात म्हणून. 'कामा झे ओले?' विचारलं. ओले म्हणजे चढतो. किती चढलं असं विचारतात! आणि इथे येऊन स्थायिक होणारा ज्यू माणूस तोही ओले. भाजीवाला म्हणाला 'खामेश शेकेल', मला एका झटक्यात कळलं. माझ्याकडे दोनशेची नोट होती. काकांचं वाक्य म्हटलं, 'एफ्शार लिफ्रोत ली माताइम?' त्याने मोडून दिली, ओदेफ मोजून हातावर ठेवला. मी मराठीतूनच 'पाच, दहा, वीस' मोजलं.

आणि काल त्याच सुपरमार्केटात, बहुधा तीच मुलगी. 'ताश्लुम एखाद.' तिने वर बघून हसून 'योफी', म्हणजे छान, म्हटलं.

आता पुढचा प्रश्न. घरमालकाने भाड्याचे पुढच्या तारखांचे बारा चेक मागितले आहेत, महिना ४२०० चे. रक्कम अक्षरांत कशी लिहायची?

खारा_वारा:

घाबरू नका, इथे भाड्याला असेच चेक देतात. त्यांना 'चेक दाखूय' म्हणतात, पुढे ढकललेला चेक. ४२०० म्हणजे 'आर्बाआत अलाफीम माताइम शेकेल'. अक्षरं उजवीकडून डावीकडे, पण आकडा मात्र आपल्यासारखाच डावीकडून. चेकवर दोन रेघा मारून मध्ये 'लेमूताव बिल्वाद' लिहा, म्हणजे ज्याच्या नावाचा त्यालाच वटेल. आधी कोऱ्या कागदावर लिहून फोटो इथे टाका, नाव आणि खाते क्रमांक झाकून. मी बघतो, मग चेकवर उतरवा.